रॉड की गोळा? आईंच्या खुब्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही समजेल. आई ७९ वर्षांच्या, मधुमेह आहे. परवा पहाटे बाथरूमला जाताना उंबऱ्याला अडखळल्या आणि उजव्या कुशीवर पडल्या. पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, जरा हलवलं की कळवळतात. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘इंटरट्रोकँटरिक’ असं लिहिलंय. हाडाच्या डॉक्टरांनी रॉड टाकायला सांगितलाय. धाकट्या भावाचं म्हणणं असं, की शेजारच्या आजींचा खुब्याचा गोळा बदलला आणि त्या चौथ्या दिवशी वॉकर घेऊन अंगणात आल्या, मग आपण जुनाट रॉड का टाकायचा? मामा म्हणतात, या वयात चिरफाड नको, पायाला वजन लावा, हाड आपोआप जुळतं. भूलतज्ज्ञ म्हणतात, दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, ती बंद करून सहा दिवस थांबू. आणि आईंचा स्वतःचा एकच प्रश्न: पुन्हा खाली बसून भाकरी थापता येईल का?

गेली २३ वर्षं मी हाडांची ऑपरेशनं करतोय, बरीचशी तालुक्याच्या ठिकाणी. म्हाताऱ्या माणसाचा खुबा हे माझं रोजचं काम. तुमच्या आईंचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या घरात जो गोंधळ चाललाय तो मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या घरात बघतो. तीन वेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत: ऑपरेशन करायचं का, कोणतं करायचं, आणि कधी करायचं. घरातले लोक भांडतात मधल्या प्रश्नावर. पेशंटचं बरंवाईट मात्र बऱ्याच अंशी तिसऱ्यावर ठरतं.

तरी आधी मधलाच घेतो. तो सुटला की भाऊ शांत होतील.

मांडीचं हाड वर कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. सरळ उभा दांडा, त्याच्या टोकाला आत कललेली एक आखूड मान, आणि मानेच्या शेंड्याला गोळा. हा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. मान आणि दांडा जिथे मिळतात तिथे दोन उंचवटे असतात, एक बाहेर, एक आत. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तो बाहेरचा. सगळे याला सरसकट ‘खुबा मोडला’ म्हणतात. पण मान मोडणं आणि उंचवट्यांमधून मोडणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांना वेगळं करतो तो रक्तपुरवठा.

गोळ्याला रक्त येतं ते मुख्यतः मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. शेताच्या वरच्या टोकाला पाणी नेणारी एकच नळी असावी, आणि ती बांधावरूनच गेलेली असावी, तसं. बांध फुटला की नळी तुटते. मान मोडून तुकडे सरकले की गोळ्याचं रक्त बंद पडतं. मग तो जुळत नाही, किंवा जुळला तरी पुढच्या वर्षा-दोन वर्षांत वाळून बसतो. शिवाय मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते, भोवती जुळायला मदत करणारे स्नायू नाहीत. उंचवट्यांच्या भागात सगळं उलटं. हाड भुसभुशीत पण रक्ताने भरलेलं, चारी बाजूंनी स्नायू. तिथलं हाड जुळायला अगदी उत्सुक असतं. अडचण एवढीच, की ते जुळेपर्यंत त्याला सरळ धरून ठेवावं लागतं.

‘इंटरट्रोकँटरिक’ म्हणजे हे दुसरं, उंचवट्यांमधलं. रिपोर्ट बरोबर असेल तर आईंचा गोळा जिवंत आहे, मान शाबूत आहे. जिवंत गोळा काढून धातूचा का बसवायचा? शेजारच्या आजींची बहुधा मान मोडली होती. त्यांना गोळा बदलणं योग्य होतं, तुमच्या आईंना रॉड योग्य आहे. नवं-जुनं तंत्र असा हा प्रश्नच नाही. भावाला दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून दाखवायला सांगा, अर्ध्या मिनिटात कळेल.

रॉडचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण ‘मांडीत सळई घालणार’ असं ऐकून बायका घाबरतात. पेशंटला एका खास टेबलावर झोपवून पाय ताणतात, आणि सी-आर्म नावाच्या चालू एक्स-रेखाली हाड जागेवर आणतात. ते जागेवर आलं की कुशीच्या वर दोन-तीन बोटं रुंदीचा छेद घेऊन हाडाच्या पोकळीत रॉड सरकवायचा. रॉडच्या वरच्या भोकातून एक जाड स्क्रू किंवा पातं मानेतून गोळ्यात जातं, खाली एक-दोन आडवे स्क्रू. मोडलेली जागा बहुतेक वेळा उघडावीच लागत नाही. आमच्याकडे सगळे याला ‘पीएफएन’ म्हणतात.

याला पर्याय म्हणजे बाहेरून लावायची प्लेट आणि सरकता स्क्रू, ज्याला ‘डीएचएस’ म्हणतात. स्वस्त आणि खूप वर्षं पारखलेला. दोन तुकड्यांचं साधं, स्थिर फ्रॅक्चर असेल तर प्लेट रॉडइतकाच चांगला निकाल देते, आणि तिथे प्लेट सुचवणारा डॉक्टर मागासलेला ठरत नाही. पण आतला उंचवटा तुटून वेगळा झाला असेल, बाहेरची भिंत चिरली असेल किंवा तडा उलट्या दिशेने खाली गेला असेल, तर प्लेट दगा देते. रॉड हाडाच्या आतून, वजन जातं त्या रेषेच्या जवळ उभा असतो, म्हणून टिकतो. आईंच्या बाबतीत कोणतं, हे तडा कसा गेलाय त्यावर.

इथे एक गोष्ट लोक कधीच विचारत नाहीत. रॉड कोणत्या कंपनीचा, स्टीलचा की टायटॅनियमचा, देशी की आयात केलेला, यावर घरात तासभर चर्चा होते. हाडं जुळण्याच्या दृष्टीने त्याला फार महत्त्व नाही. महत्त्व आहे ते हाड किती नीट जागेवर आणलं आणि तो वरचा स्क्रू गोळ्यात कुठे बसला याला. १९९५ पासून आम्ही यासाठी एक साधं माप वापरतो: समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेंत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शेंड्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यांची बेरीज करायची. ती २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू भुसभुशीत हाड फाडून बाहेर येण्याची शक्यता फारच कमी. आयात केलेला महागडा रॉड वाकड्या जागी बसवला तर तोही फाडून बाहेर येतो. तेव्हा कंपनी विचारण्यापेक्षा ऑपरेशननंतरचा एक्स-रे दाखवून मागा, आणि ‘स्क्रू मध्यभागी आणि खोल बसलाय का?’ एवढंच विचारा. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो.

आता शेजारच्या आजींची गोष्ट, म्हणजे मान मोडलेल्यांची. तुमच्या आईंना हा भाग लागू नाही, पण रिपोर्ट चुकीचा वाचला गेला असेल तर लागेल. हे वाचणाऱ्या इतर कुणाच्या घरीही लागू शकेल.

मान मोडल्यावर रिपोर्टवर अनेकदा ‘गार्डन १’ ते ‘गार्डन ४’ असं लिहितात. १ आणि २ म्हणजे तुकडे सरकलेले नाहीत, ३ आणि ४ म्हणजे सरकलेत. सरकले नसतील तर वय ८० असलं तरी लहानशा छेदांतून दोन-तीन स्क्रू घालून बघता येतं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम, रक्त जवळजवळ जात नाही. सरकलं असेल आणि माणूस म्हातारा असेल, तर आम्ही जोडण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ गोळा बदलतो.

हे मी अनुभवातून शिकलोय, आणि किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजलीय. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी ७६ वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. मान मोडून सरकलेली. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, देवाने दिलेलं ठेवता आलं तर बघा.” मलाही हुरूप होता. तीन स्क्रू सुंदर बसले, एक्स-रे मी मित्रांना दाखवत होतो. सहा महिन्यांनी त्या लंगडत आल्या, गोळा कोसळलेला, स्क्रू सांध्यात घुसलेले. पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन, स्क्रू काढून गोळा बदलला. त्या चालल्या, पण त्या सहा महिन्यांत त्यांनी जे गमावलं ते परत आलं नाही. तेव्हापासून ७० च्या पुढच्या माणसाची सरकलेली मान मी स्क्रूने जोडायला जात नाही. ६० ते ७० च्या मधला पट्टा खरा कठीण. तिथे हाडाची ताकद, माणसाची हालचाल, किती तासांत आला, सगळं बघावं लागतं, आणि दोन अनुभवी सर्जनची मतं वेगळी पडू शकतात.

गोळा बदलण्यातही दोन प्रकार. नुसता गोळा बदलायचा आणि वाटी माणसाची स्वतःचीच ठेवायची, हे अर्धं सांधेरोपण. ‘बायपोलर’ हे त्यातलंच. गोळा आणि वाटी दोन्ही बदलायची, हे पूर्ण सांधेरोपण. पूर्ण म्हणजे अर्थातच जास्त चांगलं, असं बहुतेकांना वाटतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,४९५ रुग्णांची तुलना झाली. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, ७.९ आणि ८.३ टक्के. चालण्या-फिरण्यात पूर्ण सांधा किंचित सरस होता, पण सांधा निखळण्याचा त्रास त्यात ४.७ टक्के लोकांना झाला, अर्ध्या सांध्यात २.४. म्हणून माझा हिशेब असा: जो माणूस पडायच्या आधी एकटा बाजारात जात होता, डोकं शाबूत आहे, पुढची दहा-पंधरा वर्षं चालणार आहे, किंवा ज्याची वाटी संधिवाताने आधीच घासलेली आहे, त्याला पूर्ण. घरातल्या घरात फिरणाऱ्या ८२ वर्षांच्या आजोबांना अर्धं पुरतं. विस्मरण असेल तर पूर्ण सांध्यापासून मी लांबच राहतो. ‘पाय असा वळवू नका’ हे त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि सांधा निखळतो.

सिमेंटचं काय? नव्या गोळ्याचा दांडा हाडात नुसता ठोकून बसवता येतो किंवा सिमेंट भरून. भूलतज्ज्ञांना सिमेंट आवडत नाही, कारण ते भरताना क्वचित रक्तदाब एकदम कोसळतो. ही भीती खोटी नाही. पण म्हाताऱ्या हाडात नुसता ठोकलेला दांडा हाड फोडतो, तेव्हाच किंवा पुढच्या काही महिन्यांत. ब्रिटनमधल्या १,२२५ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०२२ मध्ये आला, दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांत अर्धा टक्का होतं आणि बिनसिमेंटच्यांत २.१ टक्के. सिमेंटवाल्यांचं रोजचं जगणंही थोडं बरं होतं. मी बहुतेकांना सिमेंट वापरतो, फक्त हृदय फारच कमकुवत असेल तिथे थांबून विचार करतो.

आता मूळ मुद्दा, ‘कधी’. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य भूलतज्ज्ञांचं आहे: सहा दिवस थांबू.

खुबा मोडलेला म्हातारा माणूस अंथरुणात पडला की घड्याळ सुरू होतं. पहिल्या दिवशी वेदना. दुसऱ्या दिवशी जेवण सुटतं, पोट साफ होत नाही. तिसऱ्या दिवशी छातीत कफ भरतो, माकडहाडावर कातडी लाल होते, लघवीच्या नळीतून जंतू चढतात, पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती वाढते. रात्री बडबड सुरू होते, गेलेल्या माणसांना हाका मारतात, घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. यातलं काहीच मोडलेल्या हाडामुळे थेट होत नाही, पडून राहिल्यामुळे होतं. म्हणून इंग्लंडमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, असं धोरण २०११ पासून आहे. कॅनडातून चालवलेल्या आणि भारतातल्या रुग्णालयांनीही भाग घेतलेल्या एका अभ्यासात २,९७० रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन सरासरी ६ तासांत केलं, निम्म्यांचं २४ तासांत. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण लवकर केलेल्यांत भ्रम आणि लघवीचा संसर्ग कमी होता, ते लवकर उभे राहिले. लक्षात घ्या, त्या अभ्यासातला ‘उशीर’ म्हणजे २४ तास. आपल्याकडे फिटनेस, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बेड, मंजुरी, मुंबईहून येणारा मुलगा, अमावास्या असं करत करत पाच दिवस सहज जातात. अमावास्येबद्दल मी गंमत करत नाही. गेल्याच महिन्यात एक ऑपरेशन तिच्यामुळे दोन दिवस पुढे गेलं.

क्लोपिडोग्रेलचं नेमकं काय ते समजून घ्या. पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल देताना, ही गोळी चालू असेल तर मणक्याच्या पोकळीत रक्त साकळण्याचा धोका असतो. म्हणून पाठीतली भूल द्यायची तर पाच ते सात दिवस थांबावं, हा नियम बरोबर आहे. भूलतज्ज्ञ त्यावरच बोट ठेवतायत, त्यांचं चुकत नाही. पण पाठीतली भूल हा एकच रस्ता नाही. पूर्ण भूल देता येते, सोबत मांडीच्या वर कातडीखाली औषध सोडून नस बधिर करता येते. २०२१ साली १,६०० रुग्णांच्या अभ्यासात पाठीतली भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना झाली. दोन महिन्यांनंतर मृत्यू आणि चालता न येणं यांत फरक निघाला नाही. ‘म्हाताऱ्यांना पूर्ण भूल नको’ हा समज आमच्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलाय, तो आता सोडायला हवा. ऑपरेशनमध्ये रक्त थोडं जास्त जाईल, त्याची तयारी ठेवता येते. ॲस्पिरिनसाठी तर थांबायचं कारणच नाही. वॉरफरिन किंवा नव्या प्रकारची रक्त पातळ करणारी औषधं असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे तपासणी करून, वेळ मोजून, दिवस-दोन दिवसांत सोय लावावी लागते.

स्टेंटचीही, म्हणजे अँजिओप्लास्टीत बसवलेल्या जाळीचीही, दुसरी बाजू बघा. तो बसवून दीड वर्ष झालंय, त्यामुळे हृदयाचे डॉक्टर बहुधा फोनवरच मत देतील. तीन महिन्यांपूर्वीचा स्टेंट असता तर गोळी बंद करण्यातच जास्त धोका होता. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, आणि आधीच बंद केली असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना आजच कळवा.

थांबण्यासारख्या गोष्टी नाहीत असं नाही. छातीत दुखून नुकताच हार्ट ॲटॅक आलेला असणं, दम लागून फुप्फुसात पाणी भरलेलं असणं, हृदयाचे ठोके फार वेगात आणि अनियमित पडणं, न्यूमोनिया, सोडियम फार खाली गेलेलं असणं, साखर ४०० च्या वर, हिमोग्लोबिन ८ च्या खाली. उंचवट्यांच्या फ्रॅक्चरमध्ये मांडीच्या आत बरंच रक्त साठतं. पहिल्या दिवशी ११ असलेलं हिमोग्लोबिन तिसऱ्या दिवशी ८ दिसतं, तेव्हा ते पुन्हा तपासा. पण या गोष्टी एका दिवसात, दीड दिवसात सुधारायच्या असतात, आणि सुधारण्याचं काम चालू हवं. ‘इकोचा डॉक्टर शुक्रवारी येतो’ हे थांबण्याचं वैद्यकीय कारण नाही. इको नसला तरी छाती ऐकून, ईसीजी बघून अनुभवी भूलतज्ज्ञ पुढे जाऊ शकतात, फक्त हृदयात आवाज ऐकू आला किंवा दम असेल तर इको हवाच.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या सकाळी भूलतज्ज्ञांना भांडणाच्या सुरात नाही, साध्या भाषेत विचारलं असतं: पूर्ण भूल देऊन उद्या-परवा करता येईल का? इथे शक्य नसेल तर जिथे शक्य आहे तिथे आजच हलवू का? जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला दोन तास गेले तरी सहा दिवसांपेक्षा ते परवडतं. आणि तोवर वेदना दाबून ठेवा. वजन लावण्याने दुखणं कमी होतं अशी समजूत आहे, प्रत्यक्षात त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. नस बधिर करणारं इंजेक्शन खूप जास्त उपयोगी पडतं. पायाखाली उशी द्या, टाचा अधांतरी ठेवा, दर दोन तासांनी अंग थोडं वळवा.

आता मामांचं म्हणणं. त्यांना वेड्यात काढू नका, त्यात निम्मं खरं आहे. उंचवट्यांचं हाड वजन लावूनही जुळतं, हे मी वरच सांगितलं. एके काळी हाच उपचार होता. आठ ते बारा आठवडे पायाला वजन, पेशंट खाटेवर. हाड जुळायचं, थोडं वाकडं, थोडं आखूड. पण बारा आठवडे खाटेवर काढून उठणारी म्हातारी माणसं थोडी. बाकीच्यांना पाठीच्या जखमा आणि न्यूमोनिया घेऊन जायचा. रॉड टाकायचा तो याच बारा आठवड्यांतून आईंना सोडवायला.

ऑपरेशन न करण्याचा निर्णय मीही कधीकधी देतो. आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला माणूस, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग, कुणालाच ओळखत नाही अशी अवस्था. नेदरलँड्समध्ये वृद्धाश्रमातल्या अतिशय थकलेल्या रुग्णांवर असा अभ्यास झालाय. ज्यांनी घरच्यांशी बोलून ऑपरेशन नको ठरवलं, त्यांच्यातले बहुतेक महिनाभरात गेले, पण वेदना नीट दाबल्या तर ते दिवस ऑपरेशन झालेल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत. हा उपचार सोडून देणं नाही, वेदनामुक्त ठेवण्याचा तो एक मार्ग आहे. पण तुमच्या आई परवापर्यंत भाकऱ्या थापत होत्या. त्यांना तो लागू नाही.

खोटी आशाही दाखवत नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण चार-पाचांत एक जण, ऑपरेशन व्यवस्थित होऊनही, वर्षभरात जातो. बऱ्याच जणांच्या हातात आधी नसलेली काठी कायमची येते. आईंना मधुमेह आहे, हृदय दुरुस्त केलेलं आहे, म्हणजे त्या अगदी कमी धोक्याच्या नाहीत. डॉक्टरांनी ‘हाय रिस्क’च्या कागदावर सही मागितली तर घाबरू नका, पण ‘काहीच होणार नाही’ असं ऐकण्याची अपेक्षाही ठेवू नका.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. वय ७० च्या पुढे असल्यामुळे आयुष्मान भारतचं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड आईंना काढता येतं, त्यात उत्पन्नाची अट नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात, दाखल करतानाच आधार कार्ड घेऊन त्यांना गाठा. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तर मंजुरीतच वेळ जातो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करायचं. घरचे म्हणतात, “टाके ओले आहेत, आठ दिवस जाऊ द्या.” नको. हाड नीट जागेवर आणून रॉड नीट बसवलेला असेल तर तो वजन घेण्यासाठीच असतो, झेपेल तितकं वजन टाकू द्यायचं. दुखेल. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर द्या, व्यायामाच्या अर्धा तास आधी. डॉक्टरांनी पाय टेकवू नका सांगितलं तर कारण विचारा. रॉड, प्लेट किंवा गोळा बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाला तसं सांगण्याची वेळ क्वचितच येते. एका पायावर उड्या मारत चालणं त्यांना जमतच नाही, मग त्या पडूनच राहतात. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून महिनाभर औषध लागतं. रात्री बडबड झाली तर दिवा लावून ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. झोपेच्या गोळीने ते अनेकदा वाढतं. आणि खायला घाला. साबुदाण्याची खिचडी आणि चहा-बिस्किटांवर हाड जुळत नाही. अंडी, डाळ, दही, पनीर, मासे चालत असतील तर मासे.

एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. एवढ्याशा पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं पोकळ झालीत, आणि आता दुसरा पाय, मणका, मनगट रांगेत आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचं, हाडं मजबूत करणारं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन सुरू केलं. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. रॉडच्या मानाने त्याचा खर्च काहीच नाही. आधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून, कमी असेल तर भरून काढून, साधारण दोन आठवड्यांनंतर देतात. टाके काढायला जाल तेव्हा तुम्हीच विषय काढा. डॉक्टर विसरतात. मी स्वतः पहिली दहा वर्षं विसरलो. मोतीबिंदू, रात्रीच्या झोपेच्या आणि लघवीच्या गोळ्या, बाथरूममधला दिवा आणि तो उंबरा, तेही त्याच महिन्यात बघून टाका.

आता आईंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचं उत्तर रॉड-गोळ्याच्या वादातच दडलेलं आहे. गोळा बदलला असता तर मी त्यांना सांगितलं असतं, खाली मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, देशी संडास, सगळं बंद, कारण सांधा निखळू शकतो. रॉडमध्ये सांधा त्यांचा स्वतःचाच राहतो, निखळायचा प्रश्न नाही. पहिले तीन महिने कमोड खुर्ची आणि उंच पलंग वापरायचा. साधारण तीन-चार महिन्यांनी एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं आणि गुडघे साथ देत असतील, तर आधी पाटावर आणि मग जमिनीवर बसायला हरकत नसते. उठताना धरायला भिंतीला एक दांडी लावून घ्या. माझ्या पेशंटपैकी सगळ्यांना ते जमत नाही. ज्यांना जमलं त्यांतल्या बहुतेक जणी पडायच्या आधी रोज खाली बसणाऱ्याच होत्या, आणि तुमच्या आई तशा दिसतात. तोवर गॅस ओट्यावर घ्या, आणि ओट्याजवळ टेकायला एक उंच स्टूल ठेवा.